घरच्या वर्कशॉपचा उजेड: आधी मोजमाप, मग चुना, ट्यूबची खरेदी सगळ्यात शेवटी

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे घराला लागून पत्र्याचं शेड टाकून काम करणारे घरोघरी सापडतात. कुणी सबमर्सिबल पंपाच्या मोटारी भरतो (जळालेली तार काढून नवी गुंडाळतो), कुणी दुचाकी खोलतो, कुणी नोकरी सांभाळून संध्याकाळी सुतारकाम करतो. त्यांची तक्रार मात्र एकच असते: "काय भो, चार ट्यूब लावल्या, तरी वाइसच्या शिकंज्यात धरलेलं दिसत नाही." हे बोलत असतानाच ते पाचवी ट्यूब आणायला निघालेले असतात.

पाचवीनेही दिसत नाही. ट्यूब पुरेशा असतात, पण त्या लावायचा क्रम उलटा झालेला असतो. आधी खरेदी, मग जिथे जुना होल्डर आहे तिथे ट्यूब, मग भिंतीचा रंग "पुढच्या दिवाळीला", आणि मोजमाप कधीच नाही. मी स्वतः दोन वर्षं चार ट्यूब शेडच्या मधोमध लावून, भिंतीकडे तोंड करून, स्वतःच्याच सावलीत करवत चालवली आहे. खाली जो क्रम दिला आहे तो मोडू नका. खर्च वाचतो तो क्रमामुळेच.

१. मोजमाप, तेही रात्री

टेप, मल्टिमीटर, खडू आणि वहीचं एक पान घ्या. शेडची लांबी, रुंदी, उंची लिहा. कामाचं टेबल कुठे, मशीन कुठे, दार कुठे आणि काम करताना तुमचं तोंड कोणीकडे असतं, हे चित्रात काढा. शेवटची गोष्ट बहुतेक जण काढत नाहीत, आणि सावलीचा सगळा घोळ तिथेच होतो.

आता कुठे किती उजेड हवा ते ठरवा. जागेवर पडलेल्या उजेडाचं माप लक्स, दिव्यातून निघालेल्या उजेडाचं लुमेन. एका चौरस मीटर जागेवर एक लुमेन उजेड पडला की एक लक्स. सामान ठेवायचा कोपरा असेल तर १५० लक्स पुष्कळ झाले. वावरायच्या आणि जाडजूड कामाच्या जागेला ३०० धरा. टेबलावर, जिथे माप टाकायचं, कापायचं, भोक पाडायचं, तिथे ५०० हवेत. मोटारीची बारीक तार गुंडाळणं, पीसीबीवर (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डवर) सोल्डरिंग करणं, पट्टीवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ वाचणं, यासाठी ७५० ते १०००. वय पन्नाशीपुढे असेल तर प्रत्येक आकडा एक पायरी वर घ्या. चाळिशीचा चष्मा लागला म्हणजे उजेडाची गरज संपत नाही, उलट वाढते.

संपूर्ण शेडमध्ये १००० लक्स करायच्या भानगडीत पडू नका. पैसे जातात, डोळे दुखतात. सगळीकडे ३०० आणि हव्या त्या जागी जवळून वेगळा दिवा, ही पद्धत स्वस्तही पडते आणि चांगलीही.

त्याच रात्री व्होल्टेज मोजा. एकदा सात ते नऊच्या दरम्यान, एकदा पहाटे, आणि एकदा तुमचं सगळ्यात मोठं मशीन चालू करताना. सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा वहीत लिहा. संध्याकाळी आकडा १९० च्या खाली जात असेल, तर तांब्याचा चोक आणि स्टार्टर असलेली ट्यूब तुम्हाला छळणार. ती लुकलुकत राहते, पेटत नाही, आणि त्या लुकलुकण्यातच तिची टोकं काळी पडून आयुष्य संपतं.

सावधान: शेड शेतात असेल आणि वायर शेतीपंपाच्या जोडणीवरून ओढलेली असेल, तर आधी ते सरळ करा. शेतीच्या जोडणीवर वर्कशॉप चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. शिवाय ती वीज ठरलेल्या तासांनाच येते, त्यामुळे संध्याकाळच्या कामाला तिचा तसाही भरवसा नाही.

२. भिंती आणि छत आधी पांढरे करा

हा टप्पा वाचून लोक हसतात. त्यांना हिशेब दाखवतो.

शेड १० बाय १५ फूट आहे असं धरा, म्हणजे साधारण १४ चौरस मीटर. सगळीकडे ३०० लक्स हवेत, तर कामाच्या पातळीवर ४२०० लुमेन पोचले पाहिजेत. पण ट्यूबमधून निघालेला सगळा उजेड खाली पोचत नाही. भिंती आणि छत पांढरे असतील तर अशा लहान खोलीत निम्मा पोचतो. भिंती सिमेंटच्या, छत गंजक्या पत्र्याचं असेल तर ३० टक्क्यांच्या आसपासच. वर धूळ बसणार, ट्यूब जुनी होणार, म्हणून आणखी ०.७ ने गुणायचं.

पांढऱ्या शेडला: ४२०० भागिले (०.५ × ०.७) = १२,००० लुमेन.
काळ्या शेडला: ४२०० भागिले (०.३ × ०.७) = २०,००० लुमेन.

एलईडी पट्टी (ट्यूबसारखा लांब दिवा, बॅटन) २००० लुमेनची असेल तर एकीकडे ६, दुसरीकडे १०. मधल्या चार पट्ट्यांची किंमत आणि त्यांचं दर महिन्याचं बिल एका बाजूला, आणि एक पिशवी चुना नाहीतर स्वस्तातलं डिस्टेंपर दुसऱ्या बाजूला.

पत्र्याला खालून पांढरा ऑइलपेंट द्या, आधी गंज खरवडून प्रायमर मारा. चकचकीत नको, मॅट घ्या. चकचकीत रंगात ट्यूबचं प्रतिबिंब डोळ्यात घुसतं. टेबलासमोरची भिंत सर्वात महत्त्वाची आहे, तिच्यावर हत्यारं टांगायचा फळाही फिकट रंगाचा ठेवा. त्या फळ्यावर हत्यारं उठून दिसतात, हा वरचा फायदा.

धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरातली खोली वापरत असाल तर काळवंडलेल्या लाकडी कड्या आणि त्यावरच्या फळ्या सगळा उजेड गिळतात. लाकूड रंगवायला जीव होत नसेल (माझाही झाला नसता, जुनं सागवान आहे ते), तर दोन कड्यांच्या मधे पांढऱ्या रंगाचे पातळ प्लायचे तुकडे बसवा. छत खाली झुकलं असेल तर आधी वाळवी पाहून घ्या, मग त्यावर काही टांगा.

सावधान: ओला चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. छताला मारताना गॉगल घाला आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा.

३. जागा ठरवा, पण भोक पाडू नका

ट्यूब खोलीच्या मधोमध लावायची सवय बैठकीच्या खोलीतून आली. वर्कशॉपमध्ये टेबल भिंतीला असतं, माणूस भिंतीकडे तोंड करून उभा असतो आणि मधली ट्यूब त्याच्या पाठीमागे येते. मग डोक्याची आणि खांद्यांची सावली बरोबर वाइसवर.

ट्यूब टेबलाला समांतर हवी, आणि टेबलाच्या पुढच्या काठापासून पाच-सहा इंच आत, टेबलाच्या वर. म्हणजे तुम्ही वाकलात तरी डोकं ट्यूबच्या खाली जात नाही. टेबलाच्या पृष्ठभागापासून साडेतीन फूट उंची ठेवा. टेबल तीन फुटांचं असेल तर जमिनीपासून साडेसहा फूट झाली. इतकी खाली ट्यूब आणायला लोक बिचकतात, पण तिच्याखाली कुणी चालत नाही, खाली टेबलच आहे. ट्यूबची उंची दुप्पट केली तर टेबलावरचा उजेड निम्म्याहूनही खाली येतो, हे लक्षात ठेवा. दहा फुटांवरच्या पत्र्याला चिकटवलेली ट्यूब मुख्यतः पत्र्यालाच उजेड देते.

एकाच बिंदूतून येणारा उजेड कडक सावली पाडतो. म्हणून टेबलावर एक मोठा दिवा लावण्यापेक्षा चार फुटी दोन किंवा तीन पट्ट्या एका ओळीत लावा. दोन्ही बाजूंनी उजेड आला की हाताची सावली फिकट होते. ड्रिलच्या टोकाखाली, बँडसॉच्या पात्याजवळ एवढंही पुरत नाही, तिथे लवचीक मानेचा छोटा एलईडी दिवा लागतोच. त्यासाठी जास्त डोकं लावू नका, मशीनच्या अंगाला चिकटणारा कोणताही घ्या.

बाकीच्या पट्ट्या आठ-नऊ फुटांवर, खोलीच्या उरलेल्या भागात. लांब पाइप, फळ्या फिरवायची जागा असेल तिथे जाळी असलेली पट्टी, नाहीतर पहिल्याच आठवड्यात फळीचं टोक ट्यूबला लागतं.

आता तपासणी. घरातली एक जुनी पट्टी काढा, लांब वायर जोडा, आणि खडूने खूण केलेल्या जागी दोरीने टांगा. वाइसमध्ये बोल्ट धरा, हातात करवत घ्या, खरंच काम करत असल्यासारखं वाका. सावली कुठे पडते ते पाहा. पट्टी अर्धा फूट पुढे-मागे सरकवा. या दहा मिनिटांत जे कळतं ते कोणत्याही तक्त्यात नाही. मोबाइलमध्ये लक्स मोजायचं अॅप असेल तर फोन टेबलावर तोंड वर करून ठेवा. अॅपचा आकडा अचूक नसतो, पण "इथे जास्त की तिथे" एवढं तो खरं सांगतो.

४. फ्लोरोसंट ठेवायची की एलईडी

माझं मत सरळ आहे: नवीन घेणार असाल तर एलईडी पट्टी घ्या. जुन्या पट्ट्या चालू असतील तर त्या फेकू नका, पण योग्य जागी लावा.

आधी नळीची, म्हणजे जुन्या फ्लोरोसंट ट्यूबची, ओळख. पॅकेटवरच्या टी-१२, टी-८, टी-५ यातला आकडा म्हणजे नळीची जाडी, इंचाच्या आठव्या भागात. टी-१२ दीड इंचाची, जुनी ४० वॅटची. टी-८ एक इंचाची, ३६ वॅटची. टी-५ पाऊण इंचापेक्षाही बारीक, २८ वॅटची. टी-१२ आणि टी-८ एकाच पट्टीत (नळी बसवायच्या फिटिंगमध्ये) बसतात. टी-५ ची लांबी ११४९ मिलिमीटर आणि जुन्या नळीची १२००, शिवाय टोकाच्या पिनाही जवळजवळ, त्यामुळे ती जुन्या पट्टीत बसत नाही. हे न पाहता टी-५ आणून परत करायला गेलेले मी पाहिलेत.

तांब्याच्या चोकवरची ३६ वॅटची नळी प्रत्यक्षात ४८ वॅटच्या आसपास खाते, कारण चोक स्वतः दहा-बारा वॅट गरम होण्यात घालवतो. साधी कूल डेलाइट नळी २५०० लुमेन देते. म्हणजे आपल्या १२,००० लुमेनसाठी पाच नळ्या, २४० वॅट. एलईडीच्या सहा पट्ट्या, १२० वॅट. रोज चार तास, वर्षाचे ३०० दिवस चालवलं तर नळ्यांना २८८ युनिट, एलईडीला १४४. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला ११५० रुपयांचा फरक. तुमच्या बिलावरचा दर घालून हिशेब पुन्हा करा.

नळी सगळीकडे उजेड फेकते, वरही. तिच्यावर पांढरी पत्र्याची टोपी नसेल तर वर गेलेला उजेड छताच्या रंगावर अवलंबून राहतो. एलईडी पट्टी मुळातच खाली फेकते.

आणखी एक कारण आहे. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठीच्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०२३ मधल्या जिनिव्हा बैठकीत पाऱ्याच्या या लांब नळ्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरलं आहे, आणि भारत त्या करारात आहे. आज नवी फ्लोरोसंट पट्टी घेणं म्हणजे उद्या जिची नळी शोधत फिरावं लागेल अशी वस्तू घेणं.

आता त्या मुद्द्याकडे येतो जो सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे, आणि ज्यात बोटं जातात.

आपली वीज ५० हर्ट्झची. तांब्याच्या चोकवरची नळी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला कळत नाही, पण फिरत्या मशीनला कळतं. लेथचा चार जबड्यांचा चक (काम पकडून फिरणारा भाग) मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाला २५ फेऱ्या. दोन उजेडांच्या मधे तो बरोबर पाव फेरी फिरतो आणि प्रत्येक वेळी एका जबड्याच्या जागी दुसरा आलेला असतो. चक थांबलेला दिसतो. आपल्याकडची साधी मोटर १४४० फेऱ्यांची असते. तेव्हा तोच चक सेकंदाला एक फेरी या सावकाश वेगाने उलटा फिरताना दिसतो. पंख्याच्या आणि मशीनच्या आवाजात, थकलेल्या डोळ्याला, "मशीन बंद होतंय" असं वाटायला एवढं पुरतं.

म्हणून फिरत्या मशीनवर तांब्याच्या चोकची एकटी नळी कधीही नको. नळीच वापरायची तर इलेक्ट्रॉनिक चोक लावा. तो नळीला सेकंदाला हजारो वेळा वीज देतो, त्यामुळे हा भास जवळजवळ नाहीसा होतो. थ्री फेज असेल तर शेजारशेजारच्या नळ्या वेगवेगळ्या फेजवर टाकणं हाही जुना, चांगला उपाय. तांब्याचे चोक सामानाच्या कोपऱ्यावर आणि दारावर जाऊ द्या.

सावधान: एलईडी म्हटलं की हा दोष गेला असं समजू नका. स्वस्त पट्टीतल्या ड्रायव्हरमध्ये (एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये) काटकसर केलेली असते आणि ती नळीपेक्षाही वाईट लुकलुकते. ओळखायची पद्धत पुढे आहे.

५. आता दुकानात जा

यादी घेऊन जा: किती लुमेन हवेत, किती पट्ट्या, व्होल्टेज किती खाली आणि किती वर जातं.

खोक्यावर आधी लुमेन पाहा, वॅट नंतर. "४० वॅटच्या ट्यूबच्या जागी" असं लिहिलेलं वाचूच नका, त्याला अर्थ नाही. लुमेनला वॅटने भागा. १०० किंवा जास्त आलं तर ठीक, ८० च्या खाली आलं तर ठेवून द्या. लुमेनचा आकडाच छापलेला नसेल तर तेही उत्तरच समजा. मग किंमत भागिले लुमेन, गुणिले १०००, म्हणजे हजार लुमेनला किती रुपये पडले ते कळतं. दोन पट्ट्यांची तुलना या एकाच आकड्याने करा. बीईईचे वीजबचतीचे तारे आणि बीआयएसचं दर्जाचं चिन्ह आहे का ते पाहून घ्या.

रंगाबद्दल. नळीच्या टोकाजवळ तीन आकडी कोड छापलेला असतो: ७६५, ८६५, ८४०. पहिला आकडा ७ असेल तर खरे रंग दाखवायची क्षमता शंभरात सत्तरच्या घरात, ८ असेल तर ऐंशीच्या. पुढचे दोन म्हणजे उजेडाची छटा: ६५ म्हणजे ६५०० केल्विन, निळसर पांढरा, ४० म्हणजे ४००० केल्विन, शांत पांढरा. ७६५ ची नळी सर्वात स्वस्त आणि सगळीकडे मिळते, पण तिच्याखाली गडद निळी आणि काळी वायर ओळखताना फसायला होतं. मोटारी भरणाऱ्याने, फर्निचरला पॉलिश करणाऱ्याने ८ ने सुरू होणाराच कोड घ्यावा. ८ च्या कोडची ३६ वॅटची नळी ३२०० च्या पुढे लुमेन देते, म्हणजे पाचाऐवजी चार लागतात आणि महाग असूनही हिशेबात बसते. एलईडीच्या खोक्यावर हेच "सीआरआय ८०" असं लिहिलेलं असतं. छटा ४००० ते ६५०० मधली कोणतीही चालते, फक्त एका शेडमध्ये दोन छटा मिसळू नका.

खोक्यावरची व्होल्टेजची मर्यादा तुमच्या वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहा. वरची मर्यादा महत्त्वाची. मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात तेव्हा तारा आणि खांबही जातात. न्यूट्रल तुटला की घरात २३० ऐवजी त्याहून किती तरी जास्त व्होल्टेज येतं. ३०० व्होल्टपर्यंत टिकणारी आणि ४ किलोव्होल्टचं सर्ज (अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासूनचं) संरक्षण असलेली पट्टी घ्या.

दुकानात दिवा लावायला सांगा आणि त्याच्यासमोर खिशातलं पेन जोरात आडवं हलवा. पेनाची अखंड पुसट पट्टी दिसली तर उजेड स्थिर आहे. पेनाच्या सुट्या सुट्या प्रतिमा, पंख्याच्या पात्यांसारख्या, दिसल्या तर ती पट्टी मशीनवर लावायची नाही. दुकानातल्या बाकीच्या ट्यूब बंद करायला सांगितल्याशिवाय ही परीक्षा होत नाही. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.

आधी एकच पट्टी आणा, दोरीने टांगून दोन संध्याकाळी काम करा, मग बाकीच्या. बिलावर तारीख आणि वॉरंटी लिहून घ्या.

६. वायरिंग

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. पण त्याला काय सांगायचं ते तुम्हाला माहीत हवं.

दिव्यांची लाइन मशीनपासून वेगळी, तिला स्वतःची ६ अँपिअरची एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच). सगळं एकाच एमसीबीवर असेल तर मशीन अडकून ट्रिप झालं की दिवेही जातात, आणि अंधारात पातं अजून फिरत असतं. दोन ओळी दोन वेगळ्या स्विचवर. दारातला एक दिवा इन्व्हर्टरवर. पूर्ण शेडला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच).

स्विच फेजवरच असला पाहिजे. न्यूट्रलवर असेल तर एलईडी बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणते, आणि बंद स्विचवर पट्टीला हात लावणाऱ्याला झटका बसतो.

पट्टी लोखंडी असेल तर अर्थिंग हवंच. तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मार्च ते जून त्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओता.

जुन्याच पट्टीत एलईडी नळी बसवायची असेल तर स्टार्टर काढा, चोक सर्किटमधून बाहेर काढा आणि खोक्यावरच्या आकृतीप्रमाणेच जोडा. काही नळ्यांना एकाच टोकाला फेज-न्यूट्रल लागतं, काहींना दोन टोकांना. अंदाजाने जोडू नका.

सावधान: अशी बदललेली पट्टी दिसायला जुनीच दिसते. पुढे कुणी तिच्यात साधी नळी घातली तर चोक नसल्यामुळे शॉर्ट होऊ शकतं. पट्टीवर मार्करने "फक्त एलईडी, चोक नाही" असं मोठ्या अक्षरात लिहा.

७. टांगणी आणि उन्हाळा

भुसावळ-जळगावचा मे महिन्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, तो सावलीतला. पत्र्याच्या लगेच खाली त्याहून कितीतरी जास्त. इलेक्ट्रॉनिक चोक असो की एलईडीचा ड्रायव्हर, त्यातला कपॅसिटर दर १० अंशांनी निम्मं आयुष्य गमावतो, असा ठोकताळा आहे. तीन वर्षांची वॉरंटी दोन उन्हाळ्यांत संपते ती अशी, आणि शिव्या कंपनीला बसतात. टी-८ नळीही २५ अंशांच्या आसपास सर्वात जास्त उजेड देते, गरमीत ती मंदावते.

म्हणून पट्टी पत्र्याला चिकटवायची नाही. पत्र्यापासून किमान फूटभर खाली, साखळीने. साखळी पत्र्याला भोक पाडून नव्हे, खालच्या लोखंडी अँगलला हुक अडकवून. पत्र्याला पाडलेलं प्रत्येक भोक पहिल्या पावसात थेट ट्यूबवर गळतं. दोन्ही टोकांना साखळी असली की उंची एक-एक कडीने बदलता येते, आणि ती बदलावी लागणारच. वाऱ्याने झुलू नये म्हणून एक बाजू तारेने बांधा.

वेल्डिंग आणि ग्राइंडिंगच्या ठिणग्या जिथे उडतात तिथून पट्टी लांब. प्लॅस्टिकच्या आवरणाला ठिणग्यांचे डाग पडतात आणि ते पुन्हा निघत नाहीत.

८. रात्रीची तपासणी

अंधार पडल्यावर सगळं लावा आणि क्रमाने पाहा. टेबलावर हात आडवा धरा: सावलीची कड तीक्ष्ण असेल तर पट्टी सरकवा. नेहमीच्या जागी उभे राहा: ट्यूब थेट डोळ्यात येत असेल तर पुढच्या बाजूला चार इंचाची पांढरी पत्र्याची झालर लावा. प्रत्येक मशीन सुरू करून चककडे पाहा, फिरणं थांबल्यासारखं किंवा उलटं दिसतं का. मोठी मोटर चालू करताना दिवे किती मंदावतात ते पाहा. फारच मंदावत असतील तर दोष ट्यूबचा नाही, वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे.

मग शेडच्या बाहेर जाऊन पाच मिनिटांनी परत या. आत शिरताना डोळे मिटावेसे वाटले, तर एक पट्टी जास्त झाली आहे.

९. नंतरची निगा, आणि नळी फुटली तर

कपाशीच्या दिवसांत तंतू, उन्हाळ्यात धूळ, सुतारकामाचा भुसा. सगळं ट्यूबवर बसतं. महिन्यातून एकदा मेन बंद करून, ट्यूब थंड झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. लावल्याची तारीख पट्टीच्या टोकाला मार्करने लिहा, म्हणजे वॉरंटीचा वाद होत नाही. फ्लोरोसंट दर पाच मिनिटांनी चालू-बंद करू नका, प्रत्येक सुरुवात तिच्या टोकावरचा लेप खाते.

नळीत थोडा पारा असतो, काही मिलिग्रॅम. ती फुटली तर पंखा बंद करा, दार-खिडक्या उघडा, मुलांना घेऊन पंधरा मिनिटं बाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, पारा हवेत उडतो. जाड पुठ्ठ्याने काचा उचला, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, ओल्या कागदाने जागा पुसा, आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. हात धुवा.

गेलेल्या अख्ख्या नळ्याही घंटागाडीत किंवा उकिरड्यावर टाकायच्या नाहीत. ई-कचरा नियमांत पाऱ्याच्या दिव्यांचा समावेश आहे, त्या अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्यायच्या. तोवर नव्या पट्टीच्या रिकाम्या खोक्यात घालून, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, आडव्या ठेवा.